सातव्या बाकाचा अर्ज

शनिवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी मिसेस पेनिंग्टन यांनी नऊ पत्रं टेबलावर एकाखाली एक मांडली आणि चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला. तारीख २१ फेब्रुवारी १९९८.

"डॉक्टर रेगे," त्या म्हणाल्या, "तुमच्या पत्नी 'दर रविवारी, हवामानाची पर्वा न करता, हसतमुखाने' टेकडी चढत असत, असं या नऊही पत्रांत लिहिलं आहे."

"चढतच असे ती," डॉक्टर म्हणाले.

"नऊही पत्रांत अगदी हेच शब्द आहेत."

"जे खरं आहे ते नऊ तऱ्हांनी कसं सांगणार?" माझ्या शेजारी बसलेले बेहेरे म्हणाले.

"आणि या शेवटच्या पत्राची सुरुवात अशी आहे." मिसेस पेनिंग्टननी ते पत्र हातात घेतलं. "'मी, इथे आपलं नाव लिहावं, कुमुद रेगे यांना गेली अमुक वर्षं ओळखत आहे.'"

बाकांचे अर्ज तपासणाऱ्या या समितीत, अध्यक्ष मिसेस पेनिंग्टन धरून, चार माणसं होती. त्यांतलं कुणी हसलं नाही. इंग्रज माणूस अशा वेळी बिस्किट उचलतो. तिघांनी उचललं. चौथा आधीपासूनच खात होता.

ते पत्र आमच्या मराठी मंडळातल्या सबनीसांचं होतं. मजकूर माझा होता. नऊही पत्रांचा.

मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो. सोलापूरच्या एका दैनिकात चार वर्षं डेस्कवर काढून, एका वर्षाच्या अभ्यासवृत्तीवर यॉर्कशायरमधल्या एका साप्ताहिकात काम करायला आलो होतो. राहायला डॉक्टर रेग्यांच्या घरी वरची खोली मिळाली. डॉक्टर भूलतज्ज्ञ होते, नुकतेच निवृत्त झालेले. त्यांच्या पत्नी कुमुदताई मी येण्याच्या सहा महिने आधी वारल्या होत्या. म्हणजे ज्या बाईच्या हसतमुखाची मी नऊ वेळा ग्वाही दिली, ती मी फक्त फोटोत पाहिली होती. फोटोत त्या हसत नव्हत्या.

टेकडीचं नाव हेदर्ली नॅब. उंची एक हजार चाळीस फूट. गावाच्या बाजूने चढण आहे, माथ्यावर दगडांचा एक ढीग आणि सहा बाक आहेत. पलीकडे मूर सुरू होतो. मूर म्हणजे झाड नसलेला, वाऱ्याने घासून काढलेला, काळ्या ओल्या मातीचा माळ. आमच्या मराठी मंडळाचं या टेकडीबद्दल ठाम मत होतं. बेहेरे मंडळाचे अध्यक्ष, पेशाने स्थापत्य अभियंते. ते म्हणत, "आपल्याकडे याला नावसुद्धा देत नाहीत. याच्यावर पाण्याची टाकी बांधतात." ते एकोणीस वर्षं टेकडीच्या पायथ्याशी राहत होते आणि माथ्यावर दोनदा गेले होते, दोन्ही वेळा पाहुण्यांना टेकडी किती लहान आहे हे दाखवायला.

डॉक्टर मात्र दर रविवारी चढत. त्यांच्या मनगटावर स्टॉपवॉचचं घड्याळ असे आणि त्याचं बटण ते कशालाही दाबत. भात शिजायला लागलेला वेळ, माझी अंघोळ, बँकेतली रांग. टेकडीची एक वही होती. तारीख, वारा, वेळ. एकतीस वर्षांत चौदाशे सहा चढाया, सर्वांत कमी वेळ तेवीस मिनिटं चाळीस सेकंद. मंडळाच्या दिवाळी फराळाला ते हा आकडा सांगत आणि लोक चकल्या घ्यायला उठत.

टेकडीवर सातपेक्षा जास्त बाक असू नयेत असा पॅरिश कौन्सिलचा, म्हणजे तिथल्या ग्रामपंचायतीचा, ठराव होता. एकच जागा उरली होती. बाक ज्याच्या आठवणीसाठी, तो किमान दहा वर्षं टेकडीवर नियमित गेलेला असला पाहिजे, आणि तो जिथे बसत असे तिथेच बाक बसवला पाहिजे, असे दोन नियम होते. अर्ज दोन आले होते. एक डॉक्टरांचा. दुसरा हचिन्सन कुटुंबाचा, त्यांच्या माँटी नावाच्या दिवंगत लॅब्राडॉरसाठी.

माँटीच्या अर्जाला तारखांसह बावीस फोटो जोडले होते, प्राण्यांच्या डॉक्टरचं पत्र होतं आणि खाटकाचं निवेदन होतं. मी ते सगळं तपासलं. कुत्र्याच्या कागदपत्रांत एकही चूक नव्हती.

आमची कागदपत्रं तयार झाली ती डॉक्टरांच्या स्वयंपाकघरात, तीन आठवड्यांपूर्वी. चौदा मार्चला कुमुदताईंचं वर्षश्राद्ध होतं. डॉक्टरांनी ओक लाकडाचा बाक करून घेतला होता, पितळी पाटी लावली होती आणि साठ लोकांना जेवणाचं बोलावणं गेलं होतं. बाक गॅरेजमध्ये पडून होता.

"शेवटच्या आठवड्यात इस्पितळात म्हणाली होती," डॉक्टर मला एकदा म्हणाले होते, "'मला टेकडीवर जाऊन बसायचंय.' एकदा नाही, तीनदा." चहा उकळून वर आला तेव्हा त्यांनी बटण दाबलं आणि आकडा न बघताच पुसून टाकला. मला वाटलं, दुःख आहे. होतंच. पण त्यात आणखी काय मिसळलंय ते मी विचारलं नाही.

तर त्या दिवशी स्वयंपाकघरात बेहेरे म्हणाले, "हत्तुरे, तुम्ही पत्रकार. एक नमुना करून द्या. मंडळी सह्या करतील."

"त्या किती वेळा चढायच्या?" मी डॉक्टरांना विचारलं.

डॉक्टर चहा ढवळत राहिले. "नियमित लिहा."

"नियमित चालणार नाही. वार हवा."

"मग रविवार घाला," बेहेरे म्हणाले. "रविवारी सगळेच मोकळे असतात."

डॉक्टर चहा ढवळतच होते. मी रविवार घातला. आमच्या सोलापूरच्या डेस्कवर वार नसलेली बातमी परत यायची. वार चुकला तर दुसऱ्या दिवशी खुलासा छापावा लागायचा. मला त्या शिस्तीचा अभिमान होता.

'हवामानाची पर्वा न करता' हे बेहेऱ्यांनी सुचवलं. 'हसतमुखाने' माझं. नमुन्याच्या दहा प्रती काढल्या, आणि आपल्याकडे जशा सह्या होतात तशा सह्या झाल्या. पाच जणांनी मंडळाच्या हळदीकुंकवात ताट बाजूला सरकवून केल्या, तिघांनी गाडीच्या टपावर. सबनीसांनी तर न वाचता, नाव न लिहिता केली आणि विचारलं, "कुणाचं काम आहे?" दहावी प्रत बेहेऱ्यांनी मंडळाच्या फायलीत ठेवली, पुढे कुणाला लागली तर असावी म्हणून.

तर शनिवारी, गावच्या सभागृहात, बेहेरे उभे राहिले.

"मॅडम, इथे प्रश्न शब्दांचा नाही, सन्मानाचा आहे. एकतीस वर्षं या गावात राहिलेल्या एका स्त्रीची तुलना तुम्ही कुत्र्याशी करताय. आमच्या समाजाच्या भावना..."

"आमची तुलनेला हरकत नाही," मागच्या खुर्चीवरून मिस्टर हचिन्सन म्हणाले. ते मनापासून बोलत होते.

"तुलना कुणी करत नाहीये," मिसेस पेनिंग्टन म्हणाल्या. "माँटीचा अर्ज आधी आला, एवढंच. मिस्टर बेहेरे, तुम्ही स्वतः सौ. रेग्यांना टेकडी चढताना पाहिलंय?"

"अर्थात."

"शेवटचं कधी?"

बेहेऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या बातमीच्या वहीत पाहिलं. "एका रविवारी," ते म्हणाले.

मिसेस पेनिंग्टन थांबल्या. पुढचं बोलायला त्यांना आवडत नव्हतं हे दिसत होतं, आणि तरी त्या बोलणार हेही दिसत होतं.

"डॉक्टर, मी वीस वर्षं दर रविवारी खालच्या वाहनतळावरून कुत्रा फिरवत जाते. तिथे एक निळी व्होल्वो उभी असते. तिच्यात एक बाई बसलेल्या असायच्या. थर्मास घेऊन. विणकाम करत. मी हात करायची, त्याही करायच्या. त्यांना गाडीतून उतरताना मी एकदाही पाहिलं नाही. ती गाडी तुमची आहे ना?"

बेहेरे खाली बसले. खुर्ची वाजली.

"तिचे गुडघे दुखायचे," डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी बॅगेतून वही काढली. "पण ती चढली आहे. माझ्याकडे नोंद आहे. हे पाहा. चार जून १९६७. कुमुद, बावन्न मिनिटं."

वही टेबलावरून फिरली. समितीच्या चिटणीसबाईंनी पानं पुढे उलटली, आणखी पुढे उलटली.

"यानंतरची नोंद?"

"यानंतर गुडघे."

"म्हणजे एकदाच."

"बावन्न मिनिटं," डॉक्टर म्हणाले. "साडी नेसून. मी मंडळात सगळ्यांना सांगितलं होतं. खूप हसले होते लोक. म्हणजे, कौतुकाने."

मी माझ्या वहीत 'कौतुकाने' लिहिलं आणि त्याखाली रेघ मारली. का मारली ते तेव्हा सांगता आलं नसतं.

मिसेस पेनिंग्टननी नऊ पत्रं गोळा करून टाचणी लावली. मागे हचिन्सनबाईंनी नवऱ्याचा हात धरला. तेवढ्यात टेबलाच्या टोकाचा तो चौथा माणूस, जो सुरुवातीपासून बिस्किटं खात होता, हातावरचा चुरा झटकून म्हणाला, "मंगळवार."

"काय, मिस्टर ऑल्डरॉइड?"

"बाई रविवारी यायच्या नाहीत. मंगळवारी यायच्या."

स्टॅन्ली ऑल्डरॉइड टेकडीच्या पश्चिम उतारावरच्या दगडी भिंती दुरुस्त करायचा. मूरच्या कडेने अशा भिंती मैलोन् मैल आहेत. चुना नाही, माती नाही, नुसते दगडावर दगड. वय सत्तरीच्या आसपास, अंगठ्याचं नख काळं.

"चौसष्ट नंबरची बस," तो म्हणाला. "पश्चिमेच्या फाट्यावर साडेदहाला उतरायच्या. तांबडी लोकरीची टोपी. मार्च ते नोव्हेंबर. अकरा वर्षं. गेल्या वर्षी आल्या नाहीत तेव्हा वाटलं, गाव सोडलं असेल. वारल्या हे मला आज कळतंय. या कागदावर नाव वाचलं तेव्हाही कळलं नाही. तुम्ही सगळ्यांनी रविवार लिहिलेला."

हे शेवटचं वाक्य तो माझ्याकडे बघून बोलला नव्हता. त्याला ते कुणी लिहिलं हे माहीतच नव्हतं.

"चूक होतेय तुमची," डॉक्टर म्हणाले. "दुसरी कुणी बाई असेल."

"क्यूमुड," ऑल्डरॉइड म्हणाला. "डब्यात काहीतरी हिरवे चौकोन आणायच्या. तिखट."

"कोथिंबीर वडी," डॉक्टरांच्या तोंडून गेलं. मग ते म्हणाले, "ती मंगळवारी करायची. महिला मंडळात न्यायला. मंगळवारी मी दिवसभर ऑपरेशन थिएटरमध्ये असे."

"महिला मंडळ गुरुवारी असतं," बेहेरे म्हणाले.

असं काही मनात ठेवणं बेहेऱ्यांना जमत नसे. त्यांच्या सौ. महिला मंडळाच्या खजिनदार होत्या आणि वार चुकीचा सांगितलेला त्यांना खपत नसे.

"कशाला यायची?" डॉक्टरांनी मराठीतच विचारलं. मग तोच प्रश्न इंग्रजीत विचारला.

"पहिल्या वर्षी बसायच्या नुसत्या. मग दगड द्यायला लागल्या. मग रचायला."

पुढचं काम सात मिनिटांत आटोपलं. कुमुद रेगे पात्र, चार विरुद्ध शून्य. माँटी प्रतीक्षायादीत. हचिन्सन उठून आले, त्यांनी डॉक्टरांशी हस्तांदोलन केलं आणि म्हणाले, "अभिनंदन." डॉक्टरांनी त्यांचा हात हातात घेतला आणि सोडायचा विसरले.

"बाक पूर्वेला, माथ्यावर," डॉक्टर चिटणीसबाईंना म्हणाले. "आमच्या खिडकीतून दिसेल असा."

"त्या माथ्यावर बसायच्या नाहीत," ऑल्डरॉइड म्हणाला. "माथ्यावर कधी आल्याच नाहीत. त्या भिंतीपाशी बसायच्या. पश्चिमेला तोंड करून. तिकडून गाव दिसत नाही."

"नियम तसा आहे, डॉक्टर," मिसेस पेनिंग्टन हळू आवाजात म्हणाल्या. "जिथे बसत असत तिथे. जागेच्या रकान्यात तुम्ही लिहायचं आणि सही करायची."

डॉक्टरांनी पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. "जागा बघून करतो सही."

बाहेर पडताना बेहेरे मला म्हणाले, "चला, काम झालं. नमुना मात्र पुढच्या वेळी नीट वाचून द्यायला हवा लोकांना." आणि ते सबनीसांना झापायला निघून गेले.

डॉक्टर, ऑल्डरॉइड आणि मी निळ्या व्होल्वोतून वळसा घालून पश्चिमेच्या फाट्यावर गेलो. एकतीस वर्षांत डॉक्टर या बाजूने कधी चढले नव्हते. वाट अरुंद होती, मेंढरांनी पाडलेली. ऑल्डरॉइड सावकाश चालत होता. डॉक्टर त्याच्या पुढे निघून जायचे, मग वाट माहीत नाही हे आठवून थांबायचे.

भिंत छातीइतकी उंच होती. एका फाटकापासून सुरू होऊन उतारावर खाली गेलेली.

"या फाटकापासून त्या वाकड्या खांबापर्यंत," ऑल्डरॉइड म्हणाला. "साडेचार यार्ड. दोन वर्षं लागली."

"तुमचं कुठलं, तिचं कुठलं?"

"तिचं सरळ आहे ते."

डॉक्टर वाकून दगडांच्या फटींत पाहू लागले. आत मुठीएवढे आणि त्याहून लहान दगड ठासून भरलेले होते. "हे आतलं भरणं कंटाळवाणं काम," ऑल्डरॉइड मला म्हणाला. "बाहेरून दिसत नाही. लोक मुठीने ओततात. त्या एकेक बसवायच्या. मी म्हणायचो, कुणी बघणार नाही. त्या म्हणायच्या, म्हणूनच."

"तिच्या गुडघ्यांचं काय?" डॉक्टरांनी विचारलं.

"काय त्यांचं?"

"दुखायचे."

"एकदा मेंढरू रस्त्यावर गेलं तर खाली फाट्यापर्यंत पळत गेल्या होत्या. माझे दुखतात."

वारा सुटला होता. समोर मूर होता, त्यावर काहीच नव्हतं. डॉक्टर पूर्वेकडे वळले. टेकडीची पाठ मध्ये येत होती. घर दिसत नव्हतं, गाव दिसत नव्हतं, सहा बाकांपैकी एकही दिसत नव्हता.

"माझ्याबद्दल काही बोलायची?"

ऑल्डरॉइडने टोपी काढून पुन्हा घातली. "मी एकदा विचारलं होतं. नवऱ्याला का आणत नाही म्हणून."

"मग?"

"म्हणाल्या, आणला तर येईल. पण घड्याळ घेऊन येईल."

डॉक्टरांनी भिंतीवर हात ठेवला. मला वाटलं, आता हा माणूस रडेल, आणि मी दुसरीकडे पाहायला लागलो.

"मिस्टर ऑल्डरॉइड," ते म्हणाले, "फाट्यापासून इथपर्यंत तिला किती वेळ लागायचा?"

ऑल्डरॉइडने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे पाहिलं.

"आल्या की यायच्या," तो शेवटी म्हणाला.

खाली गाडीपाशी पोहोचलो तेव्हा डॉक्टरांनी किल्ली काढली, मनगट वळवलं आणि मला म्हणाले, "चढताना अठरा मिनिटं दहा सेकंद, हत्तुरे. तेही अनोळखी वाटेने. म्हाताऱ्याच्या मागे अडकून." मग त्यांच्या लक्षात आलं. ते दार उघडं ठेवून तसेच उभे राहिले. घड्याळ त्यांनी काढलं नाही. बाही खाली ओढून झाकलं.

त्या आठवड्यात मी साप्ताहिकाला एकशे ऐंशी शब्दांची बातमी दिली. सातव्या बाकासाठी दोन अर्ज, एक मंजूर, जागा अनिश्चित. वार बरोबर होता. नऊ पत्रांचा उल्लेख नव्हता आणि मजकूर कुणाचा हेही नव्हतं. खुलासा कुणी मागितला नाही.

चौदा मार्चला साठ माणसं जेवली. बेहेऱ्यांनी भाषण केलं आणि कुमुदताई दर रविवारी, हवामानाची पर्वा न करता, हसतमुखाने टेकडी चढत असत असं सांगितलं. त्यावर सह्या केलेले समोरच बसले होते. त्यांनी माना डोलावल्या. डॉक्टर वाढत होते. बाक गॅरेजमध्ये होता, वर ताडपत्री होती. अर्ज फ्रिजवर चुंबकाने लावलेला होता आणि जागेचा रकाना कोरा होता. सप्टेंबरमध्ये मी सोलापूरला परत आलो तेव्हाही तो तसाच होता.

याला अकरा वर्षं झाली. चिटणीसबाईंना मी दर वर्षी पत्र पाठवतो आणि त्या दर वर्षी उत्तर देतात. यंदाचं उत्तर गेल्या महिन्यात आलं. अर्जाची मुदत वाढवली आहे. जागेचा रकाना अजून कोरा आहे. ऑल्डरॉइडने काम सोडलं. हचिन्सनांनी नवा अर्ज दिला आहे, यावेळी दुसऱ्या कुत्र्यासाठी.

आणि खाली, पेनने, एक ओळ. निळी व्होल्वो आता मंगळवारी पश्चिमेच्या फाट्यावर उभी असते. मिसेस पेनिंग्टन बसमधून जाताना पाहतात. डॉक्टर आत बसलेले असतात, समोर थर्मास असतो. त्या हात करतात, तेही करतात. ते कधी गाडीतून उतरतात का, हे बसमधून कळत नाही.